जर्मन लोक आणि जर्मन राज्य: राजकीय इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, शिक्षणाला किंवा नोकरीला जर्मनीला निघालेले, आणि रात्री उशिरापर्यंत महायुद्धावरचे माहितीपट बघणारे: आमच्याकडे प्रश्न येतात ते मुख्यतः या तिघांकडून. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. सगळं क्रमानं वाचायची गरज नाही. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. जर्मनी हा देश नक्की किती जुना आहे?

जर्मनी नावाच्या एका राज्याची घोषणा झाली १८ जानेवारी १८७१ ला, म्हणजे आपल्या १८५७ च्या उठावानंतर. आज जे संघीय प्रजासत्ताक आहे त्याची घटना २३ मे १९४९ ची आणि आजचा नकाशा ३ ऑक्टोबर १९९० चा. जर्मन बोलणारे लोक मात्र मध्य युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ राहताहेत.

लोक जुने आणि राज्य नवं, हे एकदा डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न सोपे होतात. सगळे जर्मन एका राज्यात कधीच नव्हते आणि जर्मन राज्यात निव्वळ जर्मनही कधीच नव्हते. हे दोन्ही जबरदस्तीनं जुळवायचा सर्वांत हट्टी प्रयत्न १९३८ ते १९४५ या काळात झाला. त्याची किंमत साऱ्या युरोपानं मोजली.

२. १८७१ च्या आधी तिथे काय होतं? 'पवित्र रोमन साम्राज्य' म्हणजेच जर्मनी का?

नाही. ओटो पहिला याला ९६२ मध्ये रोममध्ये पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट मिळाला, तिथून हे साम्राज्य धरतात. त्यात आजचा चेक प्रदेश होता, उत्तर इटलीचा भाग होता, नेदरलँड्सही बराच काळ होतं. सम्राट वंशपरंपरेनं ठरत नसे. १३५६ च्या 'गोल्डन बुल' या फर्मानानं सात निवडकर्ते नेमले: माइन्झ, ट्रियर आणि कोलोन इथले तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्गग्रेव्ह. नंतर मात्र ऑस्ट्रियाच्या हाप्सबुर्ग घराण्याची जवळजवळ मक्तेदारी झाली.

तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानंतर साम्राज्यात तीनशेहून अधिक लहानमोठी राज्यं, बिशपांच्या जहागिऱ्या आणि स्वतंत्र शहरं होती. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशी पटवर्धनी संस्थानं एकमेकांत गुंतलेला नकाशा आठवा आणि तो आल्प्सपासून बाल्टिकपर्यंत पसरवा, म्हणजे साधारण कल्पना येईल. नेपोलियनच्या दडपणाखाली ६ ऑगस्ट १८०६ रोजी फ्रान्झ दुसऱ्यानं मुकुट उतरवला आणि साम्राज्य संपलं. १८१५ मध्ये त्याच्या जागी ३९ राज्यांचा सैलसर 'जर्मन संघ' आला.

३. एवढी राज्यं होती, मग 'आपण जर्मन' असं लोकांना वाटायला कधी लागलं?

याला एक तारीख नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं बायबल जर्मनमध्ये आणलं (नवा करार १५२२, संपूर्ण बायबल १५३४), त्यातून लिखित भाषेला एक सामाईक वळण लागलं. पण त्याच धर्मसुधारणेनं उत्तर प्रोटेस्टंट आणि दक्षिण बहुतांशी कॅथलिक अशी फूटही पाडली. राजकीय अर्थानं 'जर्मन राष्ट्र' ही कल्पना पेटली ती फ्रेंच सैन्य दारात आल्यावर. १८१३ मध्ये लाइपझिगला नेपोलियनचा पराभव झाला. १८१७ मध्ये विद्यार्थी वार्टबुर्ग किल्ल्यावर जमले. १८३२ मध्ये हांबाखच्या किल्ल्यावर हजारो लोक काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन चढले आणि त्यांनी एकता व स्वातंत्र्य एका दमात मागितलं.

कवी आणि प्राध्यापकांइतकंच श्रेय जकात नाक्यांना द्यायला हवं. माल दर थोड्या अंतरावर थांबून कर भरत असे. प्रशिया या उत्तरेकडच्या बलाढ्य राज्याच्या पुढाकारानं १८३४ मध्ये जकात संघ सुरू झाला आणि बरीचशी जर्मन राज्यं राजकीयदृष्ट्या एक व्हायच्या ३७ वर्षं आधी एक बाजारपेठ झाली. ऑस्ट्रिया त्यात नव्हता. हे प्रश्न ६ साठी लक्षात ठेवा.

४. १८४८ ची क्रांती तर फसली. मग जर्मन लोक तिचं एवढं कौतुक का करतात?

कारण तिचे कागद टिकले. फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये १८ मे १८४८ ला पहिली निवडून आलेली सर्व-जर्मन संसद भरली. तिनं डिसेंबरमध्ये मूलभूत हक्कांची यादी मंजूर केली आणि मार्च १८४९ मध्ये पूर्ण घटना. मग प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेम चौथा याला सम्राटपद देऊ केलं. रस्त्यावरच्या लोकांनी दिलेला मुकुट त्याला नको होता. त्यानं नकार दिला, उरलीसुरली संसद जूनमध्ये श्टुटगार्टला सैनिकांनी उधळली आणि विषय संपला. तो संपला काही दशकांपुरताच: १९१९ आणि १९४९ च्या घटनाकारांनी ती यादी समोर ठेवूनच काम केलं.

'मवाळ उदारमतवाद्यांनी नुसती भाषणं केली' ही टीका बिस्मार्कच्या (प्रश्न ५) गोटातून निघाली आणि आजही पाठ्यपुस्तकांत फिरते. मला ती अन्यायाची वाटते. त्या सभेकडे स्वतःचं सैन्य नव्हतं, हे तिचं खरं दुखणं.

५. बिस्मार्कनं एकट्यानं जर्मनी घडवला, हे कितपत खरं?

तीन युद्धं त्याची: १८६४ मध्ये डेन्मार्कशी, १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी, १८७०-७१ मध्ये फ्रान्सशी. १८६२ मध्ये प्रशियाचा मुख्यमंत्री होताच त्यानं 'लोखंड आणि रक्त' हे शब्द वापरले, तेही खरं. पण बाजारपेठ आधीच तयार होती (प्रश्न ३) आणि राष्ट्रवादी जनमतही होतंच. त्यानं ते आपल्या राजाच्या गाड्याला जुंपलं.

यातला पैशाचा भाग पुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकतात. सम्राटपद देऊ करणारं पत्र बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा यानं लिहायला हवं होतं, कारण प्रशियाखालोखाल मोठं राज्य त्याचं. पत्राचा मसुदा बिस्मार्कनंच करून पाठवला. राजवाडे बांधून कर्जात बुडालेल्या लुडविगनं तो उतरवून काढला आणि त्यानंतर त्याला गुप्तपणे पैसे मिळत राहिले. ते पैसे आले १८६६ मध्ये खालसा केलेल्या हानोवरच्या राजाच्या संपत्तीतून. म्हणजे एका राजाला बुडवून दुसऱ्याला विकत घेतलं. घोषणेचा समारंभ झाला तो व्हर्सायच्या आरसेमहालात, हरलेल्या फ्रान्सच्या छातीवर. फ्रेंचांनी हे लक्षात ठेवलं आणि जून १९१९ मध्ये त्याच महालात पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीकडून व्हर्सायच्या तहावर सही घेतली.

६. ऑस्ट्रियात जर्मन बोलतात, हिटलरही तिथलाच. मग ऑस्ट्रिया वेगळा देश का?

१८४८ च्या संसदेतच यावर वाद झाला होता. ऑस्ट्रियासह 'मोठा जर्मनी' की ऑस्ट्रियाशिवाय 'छोटा जर्मनी'? हाप्सबुर्ग सम्राटाच्या राज्यात हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन असे कितीतरी लोक होते. त्यांना सोडून तो निव्वळ जर्मन राज्यात येणार नव्हता आणि त्यांच्यासकट त्याला घेणं प्रशियाला नको होतं. ३ जुलै १८६६ च्या क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशिया जिंकला आणि छोटा जर्मनी ठरला.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. १९१८ मध्ये हाप्सबुर्ग साम्राज्य फुटल्यावर ऑस्ट्रियाच्या नव्या संसदेनं स्वतःच जर्मनीत सामील व्हायचं ठरवलं होतं. विजेत्या राष्ट्रांनी मनाई केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं सैन्य घुसवून ते केलं. १९५५ च्या करारानं ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र झाला, आणि जर्मनीशी विलीनीकरणाला त्या करारातच बंदी आहे. आज ऑस्ट्रियन माणसाला 'तुम्ही जर्मनच ना?' असं विचारून बघू नका.

७. प्रशिया नकाशावरून गेला कुठे?

तो रद्द झाला. २५ फेब्रुवारी १९४७ ला दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळानं कायदा क्रमांक ४६ काढून प्रशिया हे राज्य संपवलं. त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग तोवर पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेलेलाच होता (प्रश्न १३).

८. कैसरच्या काळात लोकशाही होती की हुकूमशाही?

दोन्ही शब्द अपुरे पडतात. राइखस्टाग या संसदेसाठी १८७१ पासूनच २५ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत होतं, गुप्त मतदानासह. त्या काळच्या ब्रिटनपेक्षा हे पुढचं पाऊल होतं. पण चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, संसदेला जबाबदार नव्हता. त्याला नेमणार आणि काढणार सम्राट. शिवाय देशाचा दोन तृतीयांश भाग असलेल्या प्रशियात प्रांतिक विधानसभेसाठी कर भरण्यावर आधारलेली तीन वर्गांची मतदानपद्धत १९१८ पर्यंत चालली.

समाजवाद्यांच्या संघटना, सभा आणि वृत्तपत्रं यांवर १८७८ ते १८९० बंदी होती. त्याच काळात बिस्मार्कनं आजारपणाचा (१८८३), अपघाताचा (१८८४) आणि म्हातारपणाचा (१८८९) विमा आणला, कामगारांना समाजवाद्यांपासून तोडायला. कामगारांनी विमाही घेतला आणि मतंही समाजवाद्यांनाच दिली. १९१२ मध्ये समाजवादी लोकशाही पक्ष ३९७ पैकी ११० जागांसह राइखस्टागमधला सर्वांत मोठा पक्ष झाला.

याच राजवटीच्या वसाहतीत, आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ दरम्यान हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. जर्मन सरकारनं त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये.

९. राजधानी बर्लिन असताना प्रजासत्ताकाला 'वायमार' का म्हणतात?

९ नोव्हेंबर १९१८ ला फिलिप शायडेमाननं राइखस्टागच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं. दोनच तासांनी कार्ल लीबक्नेश्टनं राजवाड्यापाशी वेगळं, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता, म्हणून घटना समिती गटे आणि शिलरच्या शांत गावी, वायमारला बसली. तिच्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी पहिल्यांदा देशपातळीवर मतदान केलं. घटनेवर ११ ऑगस्ट १९१९ ला सही झाली.

१०. हिटलर लोकशाही मार्गानं निवडून आला होता ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सहसा वादात जिंकण्यासाठी विचारलेला असतो, म्हणून आकडे आधी.

नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती. १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के आणि २३० जागा. हा मुक्त निवडणुकीतला त्यांचा कळस. नोव्हेंबर १९३२ मध्ये ते ३३.१ टक्क्यांवर घसरले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिटलर हिंडेनबुर्गकडून हरला. म्हणजे मुक्त निवडणुकीत त्याला बहुमत एकदाही मिळालं नाही.

३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सलर झाला तो नेमणुकीनं. १९३० पासून सरकारं संसदेच्या बहुमतावर चालतच नव्हती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वायमार घटनेच्या कलम ४८ खाली वटहुकूम काढत होते. माजी चॅन्सलर फ्रान्झ फॉन पापेन आणि त्याच्या जुन्या खानदानी मंडळींना वाटलं की याची मतं वापरून घेऊ आणि याला कोपऱ्यात बसवू. मंत्रिमंडळात हिटलरसह नाझी तिघंच. पण पोलीस खातं त्यांच्या हातात गेलं आणि तेवढं पुरलं.

२७ फेब्रुवारीला राइखस्टागला आग लागली. दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्गच्या सहीनं मूलभूत हक्क स्थगित झाले. ५ मार्चची निवडणूक विरोधक तुरुंगात आणि गणवेशधारी टोळ्या रस्त्यावर असताना झाली, तरी नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. २३ मार्चला सरकारला संसदेविना कायदे करायची मुभा देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातली सगळी ९४ मतं समाजवादी लोकशाही पक्षाची. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं आणि मध्यममार्गी कॅथलिक पक्षानं बाजूनं मत दिलं. राष्ट्राध्यक्षपदही हिटलरकडे जाण्याचा उरलेला सोपस्कार २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबुर्ग वारल्यावर झाला.

तेव्हा 'निवडून आला' म्हणणं चूक. 'लोकांचा काही संबंध नव्हता, त्यानं सत्ता बळकावली' हेही चूक. दर तीन मतदारांपैकी एकाहून अधिक जण राजीखुशीनं त्याच्यामागे गेले होते, आणि दार उघडलं ते सत्तेजवळच्या मूठभरांनी.

११. व्हर्सायचा तह आणि ती भयंकर महागाई, यामुळेच हिटलर आला ना?

तारखा जुळत नाहीत. महागाई १९२३ ची: नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क. त्याच महिन्यात म्युनिकमध्ये हिटलरचं बंड फसलं, नवं चलन आलं आणि पुढची पाच वर्षं बरी गेली. त्या बऱ्या काळात तो २.६ टक्क्यांवर होता. तह तर तेव्हाही लागू होताच.

मतं वाढली ती १९२९ च्या मंदीनंतर. १९३२ च्या सुरुवातीला जवळपास ६० लाख बेकार होते आणि चॅन्सलर ब्र्यूनिंग खर्च कापत चालला होता. पैसा नाही, काम नाही, संसद ठप्प. महागाईनं मध्यमवर्गाची बचत आणि भरवसा आधीच खाल्ला होता, हे खरं. पण थेट कारण शोधायचं तर बेकारी आणि ब्र्यूनिंगची काटकसर यांच्याकडे बघा.

१२. ज्यूंचं हत्याकांड चालू आहे हे सामान्य जर्मन माणसाला माहीत होतं का?

१९४५ नंतर 'आम्हाला काही कल्पना नव्हती' असं पुष्कळांनी सांगितलं. मारण्याच्या पद्धतीचा तपशील, छावण्यांची नावं, हे सगळ्यांना ठाऊक नव्हतं. पण १९३३ चे बहिष्कार, ज्यूंचे हक्क काढून घेणारे १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जळालेली सिनेगॉग्स, हे सगळं भरवस्तीत घडलं. ऑक्टोबर १९४१ पासून शेजारची कुटुंबं दिवसाउजेडी स्टेशनवर नेली गेली आणि त्यांच्या घरातल्या सामानाचे जाहीर लिलाव झाले. लोकांनी ते सामान विकत घेतलं. पूर्व आघाडीवरून सुट्टीवर आलेले सैनिक बोलत होते. म्युनिकच्या 'श्वेत गुलाब' या विद्यार्थी गटानं १९४२ च्या एका पत्रकात पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीचा उल्लेख केला होता. विद्यार्थ्यांपर्यंत बातमी पोचत होती, तर इतरांपर्यंतही पोचत होती.

विरोध करून काही झालं असतं का, असा पोटप्रश्न येतो. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये मनोरुग्ण आणि अपंगांच्या हत्येवर उघड प्रवचन दिलं. त्याच महिन्यात तो कार्यक्रम अधिकृतपणे थांबवला गेला, जरी हत्या लपूनछपून चालू राहिल्या. ज्यूंसाठी असं प्रवचन कुठल्याही जर्मन बिशपनं दिलं नाही. साठ लाख ज्यू मारले गेले.

१३. १९४५ मध्ये जर्मनांनाही घरं सोडावी लागली म्हणतात. त्याबद्दल कुठेच का वाचायला मिळत नाही?

मिळतं, पण बेतानं. ओडर आणि नाइसे नद्यांच्या पूर्वेकडचा मुलूख पोलंडला आणि क्योनिग्सबर्गचा भाग सोव्हिएत संघाला गेला. ब्रेस्लाउचं व्रोत्सवाफ झालं, क्योनिग्सबर्गचं कालिनिनग्राड. तिथले आणि चेकोस्लोव्हाकियातले मिळून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन पळाले किंवा हाकलले गेले; लाखो वाटेत मेले. पश्चिम जर्मनीत या निर्वासितांच्या संघटना कित्येक दशकं जोरात होत्या.

जर्मन लेखक याबद्दल जपून बोलतात, कारण १९३९ गाळून १९४५ सांगणं ही अतिउजव्यांची जुनी सवय आहे. पोलंडची सीमा अखेर १४ नोव्हेंबर १९९० च्या कराराने जर्मनीनं कायमची मान्य केली.

१४. बर्लिनची भिंत म्हणजे पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा ना?

नाही, हा घोटाळा फार जणांचा होतो. बर्लिन शहर पूर्णपणे पूर्व जर्मनीच्या पोटात होतं, पण महायुद्धानंतर त्याचा पश्चिम भाग पाश्चात्त्य दोस्त राष्ट्रांकडे होता. भिंत पश्चिम बर्लिनला चारही बाजूंनी वेढत होती. दोन देशांमधली लांबलचक कुंपणबंद सीमा वेगळी, कितीतरी पश्चिमेला. १९४९ पासून २५ लाखांहून अधिक लोक पूर्वेतून निघून गेले. त्यात डॉक्टर, इंजिनिअर आणि तरुण कामगारांचा भरणा होता. १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री पूर्व जर्मन सरकारनं ही गळती बंद केली. भिंतीवर किमान १४० जणांचे जीव गेले.

ती पडली एका गडबडीतून. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांच्या हातात प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद होता, तो त्यांनी नीट वाचलेला नव्हता. कधीपासून लागू, असं पत्रकारांनी विचारल्यावर ते 'लगेच' असं म्हणाले. लोक नाक्यांवर लोटले आणि बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या पहारेकऱ्यांनी शेवटी फाटक उघडलं. पण गडबडीचंच कौतुक करू नये. महिनाभर आधी, ९ ऑक्टोबरला, लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार माणसं गोळीबाराची भीती असताना रस्त्यावर उतरली होती. राजवटीचा धीर तिथे सुटला.

१५. मग राष्ट्रीय दिन ९ नोव्हेंबर का नाही?

त्या तारखेवर फार काही साचलंय: १९१८ चं प्रजासत्ताक (प्रश्न ९), १९२३ चं हिटलरचं फसलेलं बंड, १९३८ ची सिनेगॉग्स जाळण्याची रात्र, १९८९ ची भिंत. त्या दिवशी फटाके कुठल्या तोंडानं उडवायचे? म्हणून ३ ऑक्टोबर ही कोरडी, सरकारी तारीख घेतली. एकीकरण त्या दिवशी अमलात आलं.

१६. एकीकरणानंतर नवी राज्यघटना का केली नाही? १९४९ ची तर तात्पुरती होती.

हो, १९४९ मध्ये तिला मुद्दामच 'मूलभूत कायदा' म्हटलं, कारण अर्धा देश बाहेर होता. एक होण्याचे दोन रस्ते तिच्यातच होते. कलम १४६: सगळ्यांनी मिळून नवी घटना करायची. कलम २३: नव्या प्रदेशांनी आहे त्या घटनेत सामील व्हायचं. १९५७ मध्ये झारलँड दुसऱ्या रस्त्यानंच आला होता. १९९० मध्ये पूर्वेची अर्थव्यवस्था ढासळत होती, मॉस्कोचा होकार किती दिवस टिकेल याची खात्री नव्हती, आणि मार्चच्या मुक्त निवडणुकीत पूर्वेच्या मतदारांनी झटपट एकीकरण मागणाऱ्यांना जिंकून दिलं होतं. कलम २३ निवडलं गेलं. 'आम्ही एक झालो नाही, आम्हाला जोडून घेतलं' ही पूर्वेकडची तक्रार तिथून सुरू होते, आणि ती अगदीच निराधार नाही. कलम १४६ घटनेत आजही आहे.

१७. भारतानं आणीबाणीची तरतूद जर्मनीकडून घेतली, असं गाइडमध्ये असतं. बरोबर का?

परीक्षेत 'आणीबाणीत मूलभूत हक्कांची स्थगिती: वायमार घटना' असं लिहा, गुण मिळतील. वायमारच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्ष ठरावीक सात हक्क स्थगित करू शकत असे. ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत ह. वि. कामत यांनी याच साम्यावर बोट ठेवून तरतुदीला कडाडून विरोध केला होता. म्हणजे आपल्या घटनाकारांना उदाहरण आणि त्याचा शेवट दोन्ही ठाऊक होते.

उलट दिशेचा धागा गाइडमध्ये क्वचित सापडतो. जर्मनांनी कलम ७९(३) मध्ये लिहून ठेवलं की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य ही तत्त्वं घटनादुरुस्तीनंही काढता येणार नाहीत. हायडलबर्गचे डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दुरुस्तीच्या अधिकाराला असलेल्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं. तो युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात पोचला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालातल्या 'मूलभूत संरचने'मागे त्याची सावली आहे. तिथल्या अविश्वास ठरावाचा नियमही बघण्यासारखा आहे: आधी नव्या चॅन्सलरचं नाव बहुमतानं ठरवा, मगच जुना जाईल. तो यशस्वी झाला एकदाच, १९८२ मध्ये, श्मिट जाऊन कोल आले तेव्हा.

१८. जर्मन राष्ट्रगीताच्या पहिल्या कडव्यावर बंदी आहे का? आणि दारावर स्वस्तिक लावलं तर अटक होते का?

कडव्यावर कायद्यानं बंदी नाही. गीत १८४१ मधलं. 'जर्मनी सगळ्यांच्या वर' ही पहिली ओळ; विखुरलेल्या तुकड्यांपेक्षा एक जर्मनी मोठा, हा तिचा मूळ रोख. नाझींनी पहिलं कडवं आपल्या पक्षगीताला जोडून वापरलं, म्हणून आज तिसरं कडवं तेवढंच राष्ट्रगीत आहे. बंदी आहे ती त्या नाझी पक्षगीतावर.

नाझी पक्षाची चिन्हं दाखवणं हा गुन्हा आहे. देवघरातलं, रांगोळीतलं किंवा लग्नपत्रिकेवरचं स्वस्तिक हे नाझी चिन्ह नव्हे आणि कायद्याचा रोखही त्यावर नाही. तरीही भाड्याच्या घराच्या बाहेरच्या दारावर ते लावण्याआधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. पोलिसांना नंतर समजावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

१९. जर्मन नागरिकत्व रक्तावर ठरतं की जन्मस्थानावर?

१९१३ च्या कायद्यानं केवळ रक्तावर. परिणाम विचित्र होता: कझाकस्तानातून आलेल्या जर्मन वंशाच्या माणसाला, भाषा धड येत नसली तरी, पासपोर्ट मिळे आणि कोलोनमध्ये जन्मलेला तुर्की कामगाराचा मुलगा परदेशी राही. १ जानेवारी २००० पासून काही अटींवर जन्मस्थान धरलं जाऊ लागलं. जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडायची अट जर्मनीनं काढली. आपल्या मंडळींना या दुसऱ्या सवलतीचा उपयोग नाही, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

नाझींनी ज्यांचं नागरिकत्व काढून घेतलं त्यांच्या वंशजांना ते कलम ११६ नुसार परत मागता येतं. या गुंत्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मनांना अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा इथल्या छावण्यांत स्थानबद्ध केलं. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही सुरुवातीला त्यात सापडले. बर्लिनच्या लेखी ते जर्मन उरले नव्हते आणि मुंबई सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे जर्मनच होते.

२०. पाच टक्क्यांच्या आत मतं मिळालेल्या पक्षाला बुंडेस्टागमध्ये (आजच्या जर्मन संसदेत) जागा मिळू शकते का?

साधारणपणे नाही. वायमारमध्ये पक्षांचं पेव फुटलं होतं, त्याचा धसका म्हणून ही अट आली. तीन मतदारसंघ थेट जिंकणाऱ्या पक्षाला सूट मिळते.

दुसरी सूट राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना. जर्मनीत डॅनिश, फ्रीसियन, सोर्ब आणि सिंती-रोमा असे चार मान्य अल्पसंख्याक समूह आहेत. १८६४ च्या युद्धानंतर (प्रश्न ५) सीमेच्या जर्मन बाजूला राहिलेल्या डॅनिश लोकांना आणि फ्रीसियनांना धरून चालणारा एक छोटा पक्ष श्लेस्विगमध्ये आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत झारा वागेनक्नेश्ट यांच्या पक्षाला २४ लाखांहून अधिक, म्हणजे ४.९८ टक्के मतं पडली आणि एकही जागा मिळाली नाही. या डॅनिश-फ्रीसियन पक्षाला सुमारे ७६ हजार मतं पडली आणि त्याचा एक खासदार आज बर्लिनमध्ये बसतो.